29 डॉलर 60 सेंट

31 जानेवारी 2020, शुक्रवार. ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मिसिसागाला घरी आले, चहाचं आधण ठेवलं आणि फोनवर ब्रोकरचं खातं उघडलं. टीडी बँकेचे 40 शेअर, शेअरमागे 74 सेंट डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश. खात्यात 29 डॉलर 60 सेंट जमा. मी लगेच वही काढली, तारीख टाकली आणि रकमेखाली दोन रेघा ओढल्या. सांगलीला बाबा पोस्टाच्या मासिक योजनेचं व्याज आणल्यावर पासबुकात तश्शाच दोन रेघा ओढायचे.

त्या वेळी मला वाटत होतं की डिव्हिडंड म्हणजे पोस्टाचं व्याजच, फक्त कॅनडातलं. ही समजूत चुकीची होती हे कळायला फार दिवस लागले नाहीत, पण त्यात बरेच पैसे गेले. आमच्यासारखे चाळिशी ओलांडल्यावर इथे आलेले बरेच जण आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

आम्ही 2002 मध्ये आलो तेव्हा मी 42 वर्षांची होते आणि हे 45 चे. इथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, जिला सगळे ओएएस म्हणतात, ती पूर्ण मिळायला वयाच्या 18 नंतर 40 वर्षं कॅनडात राहिलेलं असावं लागतं. कमी वर्षं असतील तर तेवढे चाळिसांश भाग. 65 व्या वर्षी माझे 23 चाळिसांश भरणार होते आणि यांचे 20. भारताशी झालेला सामाजिक सुरक्षा करार 2015 पासून लागू आहे, पण त्याची मदत पात्रता जुळवायला होते. रक्कम इथल्या वर्षांवरच ठरते. 2025 च्या उन्हाळ्यात पूर्ण ओएएस महिन्याला साधारण 735 डॉलर होती, त्यातले माझ्या वाट्याला 422 च्या आसपास आले. सीपीपी, म्हणजे पगारातून कापून जमणारी पेन्शन, तीही कमी वर्षांची. कंपनीची पेन्शन नाही. दरमहा हातात येणारा पैसा आपल्यालाच उभा करायला हवा हे मला 2012 च्या सुमारासच कागदावर दिसत होतं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. घराजवळच्या बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या मुलाने चहा-कॉफी विचारली, आमचा आरआरएसपी आणि टीएफएसए उघडला आणि दोन्हींत बँकेचेच म्युच्युअल फंड घातले. आरआरएसपी म्हणजे निवृत्तीचं खातं: भरताना करात वजावट आणि काढताना कर. टीएफएसए म्हणजे 2009 पासून सुरू झालेलं खातं: भरताना वजावट नाही, पण आतली वाढ आणि काढलेली रक्कम पूर्ण करमुक्त. मुलगा वागायला चांगला होता. पण फंडाचा वार्षिक खर्च 2.2 टक्के आहे हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. 60,000 डॉलरवर वर्षाला 1,320 डॉलर होतात. ते कुठल्याही पावतीवर दिसत नाहीत, फंडाच्या परताव्यातूनच वजा होतात. सहा वर्षं असंच चाललं.

डोळे उघडले ते कारखान्यातल्या एका सहकाऱ्यामुळे. गृहस्थ न्यूफाउंडलंडचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते फोर्टिस या कंपनीबद्दल बोलायचे. कंपनी त्यांच्याच गावची, सेंट जॉन्सची, वीज आणि गॅस पुरवणारी. दर वर्षी डिव्हिडंड वाढवत आली आहे. आज तो क्रम 50 वर्षांच्या पुढे गेलाय. वडिलांनी घेतलेले शेअर त्यांना मिळाले होते आणि त्या एका कंपनीच्या डिव्हिडंडवर त्यांचा घराचा वार्षिक कर निघायचा. त्यांनी मला एक प्रश्न विचारला: “तुला पैसे कोण देतंय आणि ते कुठून देतंय, तुला माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं.

2019 च्या उन्हाळ्यात मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली आणि सप्टेंबरमध्ये ऑनलाइन ब्रोकरकडे खाती उघडली. आरआरएसपी हलवायला ब्रोकरचाच फॉर्म भरला. बँकेचे फंड तसेच्या तसे नेता येत नव्हते, ते विकून रोख रक्कम गेली. चार आठवडे लागले, बँकेने बाहेर पडण्याचं शुल्क घेतलं आणि नव्या ब्रोकरने ते भरून दिलं. इथवर ठीक होतं.

टीएफएसएच्या बाबतीत मात्र मी घाई केली. चार आठवडे कशाला थांबायचं म्हणून बँकेतून 9,000 डॉलर स्वतःच काढले आणि ऑक्टोबरमध्ये नव्या ब्रोकरच्या टीएफएसएमध्ये भरले. पैसे माझेच, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकले, असं मनात होतं. पण टीएफएसएत एकूण किती भरता येईल याला मर्यादा असते, आणि नियम असा की काढलेल्या रकमेची जागा पुढच्या 1 जानेवारीलाच परत मिळते. माझी मर्यादा आधीच भरलेली होती, म्हणजे कर खात्याच्या हिशेबाने मी 9,000 डॉलर जास्त भरले. त्यावर महिन्याला 1 टक्का दंड. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तीन महिन्यांचे 270 डॉलर. पुढच्या वर्षी पत्र आलं, फॉर्म भरला, पैसे भरले. एका संस्थेतून दुसरीत नेताना नेहमी नव्या संस्थेच्या फॉर्मवरून थेट हस्तांतर करून घ्यावं, खात्यातून रक्कम हातात घेऊ नये. आपल्या लोकांपैकी निदान तीन जणांना मी या चुकीपासून वेळेवर अडवलंय, आणि त्याचं मला समाधान आहे.

नोव्हेंबरमध्ये पहिली खरेदी केली: टीडी, 76 डॉलरच्या आसपास, 40 शेअर. मग वहीत बारा रकाने आखले. इथल्या बहुतेक कंपन्या तिमाही डिव्हिडंड देतात, पण सगळ्यांचे महिने एक नसतात. टीडी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. रॉयल बँक आणि बँक ऑफ मॉन्ट्रियल फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. फोर्टिस आणि कॅलगरीची पाइपलाइन कंपनी एन्ब्रिज मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिन्ही गटांतलं थोडं थोडं घेतलं की प्रत्येक महिन्याचा रकाना भरतो. हे जुळवताना मला रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखा आनंद व्हायचा. हे म्हणायचे, “अगं, महिना कुठला यापेक्षा कंपनी कुठली ते बघ.” त्यांचं बरोबर होतं.

कारण एका रकान्यासाठी मी अल्बर्टातली एक लहान तेल कंपनी घेतली होती. दरमहा डिव्हिडंड आणि यील्ड, म्हणजे शेअरच्या भावाच्या तुलनेत वर्षाचा डिव्हिडंड, 9 टक्के. 6,000 डॉलर घातले, महिन्याला 45 डॉलर येऊ लागले. टीडीचे 40 शेअर तीन महिन्यांनी 29 डॉलर देत होते आणि ही कंपनी दर महिन्याला 45. मी मनात म्हटलं, अशाच चार घ्याव्यात. ताळेबंद उघडला नाही. उघडला असता तर दिसलं असतं की कंपनी कमावत होती त्यापेक्षा जास्त वाटत होती आणि फरक कर्जाने भरत होती.

मार्च 2020 मध्ये टोरंटोचा बाजार महिन्याभरात तिसाहून अधिक टक्के पडला. तेलाचा भाव कोसळला. एका संध्याकाळी ईमेल आला की संचालक मंडळाने डिव्हिडंड स्थगित केला आहे. कमी केला नव्हता, बंदच केला होता. शेअरचा भाव आधीच तिसऱ्या हिश्शावर आला होता. 6,000 चे शेवटी 1,700 हातात आले. तो तोटा टीएफएसएमधला, म्हणजे करात दाखवताही येत नाही, आणि बुडालेल्या रकमेची जागाही परत मिळत नाही.

त्या रात्री मला बाबांचं पासबुक आणि माझी वही यांतला फरक समजला. पोस्टाचं व्याज हा करार असतो, दर छापलेला असतो आणि तो मिळणारच. डिव्हिडंड दर तिमाहीला संचालक मंडळ बसून ठरवतं. देणं बंधनकारक नसतं. म्हणून यील्डचा आकडा मोठा दिसला की आता मी पहिल्यांदा विचारते: भाव पडल्यामुळे मोठा दिसतोय का? मग कंपनीच्या हातात वर्षाला रोख किती उरते, त्यातला किती भाग वाटते आणि कर्ज कधी फेडायचं आहे, एवढं तरी वाचते. हे तिमाही अहवालात असतं, आणि आठवीपर्यंतचं गणित पुरतं.

त्याच महिन्यात टीडीचा भाव पन्नाशीपर्यंत खाली आला. यांनी एकदाच विचारलं, “विकायचे का?” मी तीन रात्री झोपले नाही. बँक ऑफ मॉन्ट्रियल 1829 पासून डिव्हिडंड देते आहे आणि 2008-09 च्या संकटातही इथल्या सहा मोठ्या बँकांपैकी एकीनेही डिव्हिडंड कापला नाही, हे वाचलेलं होतं. तरी मागे झालं ते पुढे होईलच असं नाही, हेही तेलाच्या कंपनीने नुकतंच शिकवलं होतं. विकले नाहीत. बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने मार्च 2020 मध्ये बँकांना डिव्हिडंड वाढवायला मनाई केली. देत होत्या तेवढा देणं चालू राहिलं. टीडीने त्याआधीच 79 सेंट केला होता, त्यामुळे वहीत ओळीने सात वेळा 31 डॉलर 60 सेंट हाच आकडा आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये मनाई उठली आणि 31 जानेवारी 2022 ला 35 डॉलर 60 सेंट आले.

या अनुभवानंतर मी अर्ध्याहून जास्त पैसा फंडांकडे नेला. शाखेतले फंड नव्हेत, बाजारात शेअरसारखे मिळणारे ईटीएफ. व्हॅनगार्डचा जास्त यील्डच्या कॅनेडियन कंपन्यांचा फंड, आणि आयशेअर्सचा तसाच एक. दोन्ही दरमहा पैसे देतात, दोन्हींचा खर्च 0.22 टक्के. पूर्वी 60,000 वर 1,320 जायचे, तिथे आता 132. पण घेण्याआधी आत काय आहे ते बघायला हवं. व्हॅनगार्डच्या फंडात निम्म्याहून अधिक भाग बँका आणि विमा कंपन्यांचा आहे. माझ्याकडे टीडी आणि रॉयल आधीच होत्या, म्हणजे फंड घेऊन मी पुन्हा बँकाच घेतल्या असत्या. आयशेअर्सचा फंड कंपनीमागे 5 टक्क्यांची मर्यादा पाळतो, म्हणून मी तो जास्त घेतला. कॅनडाचा बाजारच बँका, तेल आणि खाणींकडे झुकलेला आहे. डिव्हिडंडच्या चाळणीने चाळलं की झुकाव आणखी वाढतो. हे विसरून “मी पन्नास कंपन्यांत पैसे पसरले” असं कुणी म्हणू नये.

मराठी मंडळातल्या मैत्रिणी हल्ली कव्हर्ड कॉलच्या फंडांबद्दल विचारतात, कारण त्यांचं यील्ड 7-8 टक्के दिसतं. मीही एक वर्षभर ठेवला होता. असे फंड आपल्याजवळच्या शेअरवर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला तो शेअर घेण्याचा हक्क, दुसऱ्याला विकून जास्तीचे पैसे मिळवतात आणि ते वाटतात. बदल्यात शेअर जोरात वर गेला की वरचा बराच फायदा सोडून द्यावा लागतो. 2020 च्या पडझडीनंतर बँकांचे शेअर सावरले, माझा फंड मात्र मागेच राहिला. शिवाय वाटलेल्या रकमेत कधीकधी आपलंच भांडवल परत आलेलं असतं. साध्या, म्हणजे करसवलत नसलेल्या, खात्यात ते कागदांवर दिसतं आणि खरेदीची किंमत तेवढ्याने कमी धरावी लागते. सत्तरीच्या पुढे, आजच्या आज पैसा हवा असेल, तर एखाद्याला ते पटेल. मला पटलं नाही.

2022-23 बद्दल थोडक्यात. इथल्या केंद्रीय बँकेने, बँक ऑफ कॅनडाने, व्याजदर 0.25 टक्क्यांवरून जुलै 2023 पर्यंत 5 टक्क्यांवर नेला. जीआयसी, म्हणजे इथली एफडी, 5 टक्के देऊ लागल्यावर फोर्टिस-एन्ब्रिजसारखे शेअर पडले. माझ्या वहीतला डिव्हिडंड वाढतच होता. मी दोन वर्षांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगवेगळ्या मुदतीच्या जीआयसींत बांधली. डिव्हिडंडवर जगायचं असलं तरी तेवढी ठेव पाठीशी असावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कर, कारण इथेच बहुतेकांचे पैसे गळतात.

2021 मध्ये सांगलीचा प्लॉट विकून आलेली रक्कम टीएफएसएत मावेना, म्हणून काही शेअर साध्या खात्यात घेतले. कॅनेडियन कंपनीच्या डिव्हिडंडला इथे सवलत असते. 1,000 डॉलर मिळाले तर उत्पन्न 1,380 धरतात आणि मग करातून सूट देतात. सगळ्यात खालच्या टप्प्यात, 2024 पर्यंतच्या 15 टक्के दराने, केंद्राचा कर 207 आणि सूटही 207 व्हायची. आमच्या ओंटारिओ प्रांताची सूट तर त्याच्या कराहून जास्त आहे. तेच 1,000 डॉलर जीआयसीचं व्याज असतं तर त्या दराने दोन्ही मिळून साधारण 200 डॉलर कर. भारतातल्या कंपन्यांच्या डिव्हिडंडला ही सूट नाही, तिथे कापलेल्या कराचीच वजावट मिळते. आणि भारतातल्या ठेवी, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट यांची खरेदी किंमत मिळून 1,00,000 डॉलरपुढे गेली तर टी-1135 हा फॉर्म वेगळा भरावाच लागतो. कर देणं नसलं तरी.

पण या 1,380 मध्ये एक खोच आहे आणि ती मी मंडळातल्या एका मावशींच्या कागदांवर पाहिली. मावशी विधवा, थोडी ओएएस आणि जोडीला कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारं जीआयएस. मुलाने प्रेमाने त्यांच्या नावावर बँकांचे शेअर घेतले, पण साध्या खात्यात. वर्षाला 2,000 डॉलर डिव्हिडंड. कागदावर ते 2,760 झाले, आणि जीआयएस उत्पन्नाच्या डॉलरमागे साधारण 50 सेंटने कमी होतं. 2,000 मिळाले आणि जवळजवळ 1,400 गेले. मावशींचा टीएफएसए पूर्ण रिकामा होता! त्यातून आलेला पैसा उत्पन्नात धरतच नाहीत. आम्ही दोघींनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून हस्तांतराचा फॉर्म भरला. नफ्यातले शेअर हलवले की त्या दिवशी विकल्यासारखा नफा धरला जातो, आणि तोट्यातले हलवले तर तो तोटा वाया जातो. म्हणून तोट्यातला एक शेअर आधी विकला आणि रोख रक्कम नेली. पुढच्या वर्षीचं जीआयएसचं पत्र आलं तेव्हा मावशींनी फोन केला आणि आकडा मला दोनदा वाचून दाखवला.

मी स्वतः आता असं मांडलं आहे: कॅनेडियन डिव्हिडंड आधी दोघांच्या टीएफएसएत, उरलेले साध्या खात्यात, आणि अमेरिकन शेअर असतील तर आरआरएसपीत. अमेरिका डिव्हिडंडवर 15 टक्के कापून घेते. आरआरएसपीत ते कापत नाहीत, टीएफएसएत कापतात आणि परत मिळत नाहीत. यांना 2028 मध्ये 71 पूर्ण होतील, त्या वर्षअखेरीपर्यंत आरआरएसपीचं आरआरआयएफ, म्हणजे पैसे काढत जाण्याचं खातं, करावं लागेल. मग दर वर्षी ठरावीक भाग काढणं सक्तीचं, 71 व्या वर्षी 5.28 टक्के. डिव्हिडंड 4 टक्के येतो, म्हणजे दर वर्षी थोडं विकावंही लागणार. त्यासाठी त्या खात्यात आत्तापासून जीआयसी ठेवतो आहोत.

मी 2025 च्या सप्टेंबरात काम सोडलं. दोघांच्या टीएफएसएतून सरासरी महिन्याला 780 डॉलर येतात. इतकी वर्षं सगळं आपोआप पुन्हा शेअरमध्येच जात होतं. दिवाळीनंतर ब्रोकरला सांगून ते बंद केलं. फोनवरच्या मुलीने खात्री करून घेतली, “सगळ्याच कंपन्यांचं?” मी म्हटलं, “हो, सगळ्यांचं.”

31 ऑक्टोबर 2025, पुन्हा शुक्रवार. टीडीचे तेच 40 शेअर; त्यांचा डिव्हिडंड बाकीच्या शेअरमध्ये जायचा, म्हणून 2019 नंतर एकही वाढलेला नाही. डिव्हिडंड तोवर शेअरमागे 1 डॉलर 5 सेंट झालेला. 42 डॉलर जमा झाले. ते आमच्या रोजच्या खात्यात वळते केले, वही काढली आणि शेवटच्या रकान्यावरचा “पुन्हा गुंतवले” हा शब्द खोडून तिथे “खर्च” लिहिलं. यांनी टेबलावरचं विजेचं बिल पुढे सरकवलं, 88 डॉलर. त्यातले 42 टीडीचे, असं मी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.